इंग्लंडमधील चारा-पिकांचा इतिहास : शब्द, नोंद आणि काउंटी

इंग्लंडच्या शेतीचा इतिहास लिहिताना चारा-पिकांना जे स्थान दिले जाते, ते अन्य कोणत्याही देशाच्या शेतीच्या इतिहासात क्वचितच आढळेल. टर्निप म्हणजे सलगम आणि क्लोव्हर ही त्रिदली वैरण, ह्या दोन वनस्पतींच्या आधारावर ‘कृषिक्रांती’ ही संज्ञा उभी आहे. ह्या क्रांतीचा काळ कोणता, तिचे कर्ते कोण आणि तिची किंमत कोणी मोजली, ह्या तिन्ही प्रश्नांवर अभ्यासकांत गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत तीव्र मतभेद झाले आहेत. हे मतभेद वरवर पाहता आकड्यांचे व तारखांचे वाटतात; परंतु थोडे खोल गेले असता त्यांतील बरेचसे मतभेद शब्दांच्या वाचनाचे आहेत असे दिसून येते. जुन्या कागदात ‘टर्निप’ हा शब्द आला तर त्याने नेमके काय सिद्ध होते? आणि ‘क्लोव्हर’ हा शब्द आला नाही, तर त्याने काय असिद्ध होते? लॉर्ड अर्नली, एरिक केरिज आणि मार्क ओव्हर्टन ह्या तीन इतिहासकारांनी ह्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

१

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मध्ययुगीन इंग्रजी गावात माणसाच्या अन्नाची जमीन आणि जनावराच्या अन्नाची जमीन ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नांगरटीच्या रानात गहू, राय, जव, ओट, वाटाणे व घेवडे पिकत. जनावरे कुरणावर, माळावर, आणि कापणीनंतरच्या धसकटांवर जगत. हिवाळ्यासाठी गवती कुरणाची कापून वाळवलेली वैरण हाच मुख्य साठा असे. वैरण कमी म्हणून जनावरे कमी, जनावरे कमी म्हणून खत कमी, आणि खत कमी म्हणून धान्य कमी, अशी ही साखळी होती. दर दोन किंवा तीन वर्षांनी जमीन पड टाकणे हा तिच्यावरचा एकमेव सर्वमान्य उपाय होता.

चारा-पिकांनी ही साखळी तोडली. नॉरफोकच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या चार वर्षांच्या फेरपालटीत गहू, टर्निप, जव आणि क्लोव्हर ही पिके क्रमाने येतात. टर्निपच्या ओळींत कोळपणी होत असल्यामुळे तण मरते व पड टाकण्याचे कारण उरत नाही. हिवाळ्यात त्याच शेतात मेंढ्या बसविल्या म्हणजे हलकी वालुकामय जमीन त्यांच्या खुरांनी दाबली जाते आणि तिला खतही मिळते. पुढच्या वसंतात जव पेरताना त्याच्याच सावलीत क्लोव्हरचे बी टाकतात. जव कापून गेल्यावर क्लोव्हर वर येतो, त्याची वैरण होते, आणि तो मोडून गहू पेरला की गहू जोमदार येतो. हे का घडते ह्याचे उत्तर शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे हेलरीगेल व विल्फार्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ ह्या काळात दाखवून दिले. म्हणजे ज्या पिकाने इंग्लंडची जमीन सुधारली त्याचे रहस्य उलगडण्यापूर्वी दोन शतके ते पीक घेतले जात होते.

ह्याच वर्णनातून एक भेदही लक्षात घ्यावयास हवा. टर्निप हे हलक्या जमिनीचे पीक आहे. भारी चिकणमातीत हिवाळ्यात मेंढ्या बसविल्या तर शेताचा चिखल होतो, आणि कंद उपटून गाड्यांनी वाहून नेणे खर्चाचे पडते. क्लोव्हरला ही अडचण नाही. यास्तव ‘चारा-पिकांचा प्रसार’ असा एकच इतिहास नसून प्रत्येक पिकाचा व प्रत्येक मातीचा इतिहास वेगळा आहे. सर्वसामान्य इतिहासग्रंथांत ‘टर्निप व क्लोव्हर’ ही जोडी समासाप्रमाणे एकत्र उच्चारली जाते. त्या समासाने पुष्कळ घोटाळा केला आहे.

२

आता शब्दांकडे वळू. चारा-पिकांची इंग्रजी नावे हा एक स्वतंत्र पुरावा आहे, आणि तो इतिहासकारांनी पुरेसा वापरलेला नाही. ‘क्लोव्हर’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील आहे, कारण रानटी क्लोव्हर कुरणात मुळातच होता. नवीन होती ती त्याची पेरणी. त्यामुळे सतराव्या शतकातील कागदात हा जुना शब्द एका नव्या व्यवहाराचे नाव म्हणून येतो. शब्दाच्या वयावरून व्यवहाराचे वय ठरविता येत नाही. ‘टर्निप’मधील उत्तरपद लॅटिन ‘नापुस’पासून आलेले आहे, व तेही फार जुने. ह्याउलट ‘सेनफॉइन’ आणि ‘लूसर्न’ हे फ्रेंच शब्द पिकाबरोबरच आले. ‘सेनफॉइन’चा फ्रेंचमधील अर्थ ‘आरोग्यदायक वैरण’. परंतु ‘सें’ ह्या पहिल्या पदाचा उच्चार ‘संत’वाचक शब्दाशी जुळत असल्याने इंग्रजी लेखनात त्याची ‘संताची वैरण’ झाली आणि तशी वर्णलेखनेही रूढ झाली.

‘मँगेल-वुर्झेल’ ह्या नावाची कथा अधिक बोधप्रद आहे. मूळ जर्मन ‘मांगोल्ड’ हे बीटवर्गीय भाजीचे नाव. त्याचे ‘मांगेल’ झाले, आणि ‘मांगेल’चा जर्मन अर्थ ‘टंचाई’. फ्रेंचांनी त्या भ्रष्ट रूपाचेच भाषांतर करून त्यास ‘टंचाईचा कंद’ म्हटले. कोमेरेल ह्या फ्रेंच आबेची ह्या पिकावरील पुस्तिका डॉ. जॉन कोकली लेट्सम ह्यांनी १७८७ साली इंग्रजीत आणली, तीही ह्याच नावाने. एका अपभ्रंशामुळे जनावरांच्या बीटला दुष्काळनिवारक अन्नाची कीर्ती प्राप्त झाली. नाव वस्तूच्या मागे जाते असे आपण समजतो. येथे वस्तूची अपेक्षाच नावाच्या मागे गेली.

मराठी वाचकास ह्या प्रक्रियेचे उदाहरण आपल्या घरीच सापडते. लूसर्नला मराठीत ‘लसूणघास’ म्हणतात. त्या वनस्पतीचा लसणीशी काही संबंध नाही. ‘लूसर्न’ ह्या अनोळखी ध्वनीला ओळखीच्या शब्दाचे रूप मिळाले असावे. शिवाय ती वनस्पती शेंगवर्गीय असूनही तिला ‘घास’ म्हटले गेले. इंग्रजीतही नेमके हेच घडले. क्लोव्हर, सेनफॉइन आणि लूसर्न ह्या शेंगवर्गीय पिकांना अठराव्या शतकातील इंग्रजी लेखक ‘कृत्रिम गवते’ म्हणत. ‘कृत्रिम’ ह्या शब्दास तेव्हा हीनत्वाची छटा नव्हती. मनुष्याने कौशल्याने केलेले, आपोआप न उगवलेले, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीत तर ह्या पिकांना नुसते ‘बी’ म्हणत. ‘बियांचे रान’ म्हणजे पेरलेल्या वैरणीचे रान. जुना कागद वाचणाऱ्या अभ्यासकाने हे सर्व पर्याय ध्यानात ठेवले नाहीत, तर पीक डोळ्यांसमोर असूनही त्याला ते दिसणार नाही.

३

लॉर्ड अर्नली (पूर्वीचे रोलंड प्रोथेरो) ह्यांचा ‘इंग्लिश फार्मिंग, पास्ट अँड प्रेझेंट’ हा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे दीर्घकाळ तो प्रमाण मानला गेला. त्याचे गद्य प्रसन्न आहे व त्याची रचना नाट्यमय आहे. जेथ्रो टलने पेरणीयंत्र व कोळपणी आणली, टाउन्झेंडने टर्निप आणले, बेकवेलने पशुपैदास सुधारली, कोकने हे सर्व होकमच्या इस्टेटीवर एकत्र करून दाखविले, अशी ती पुरुषमालिका आहे. शालेय पुस्तकांतून हीच मालिका पिढ्यानपिढ्या पाठ केली गेली.

ह्या मांडणीचा मुख्य दोष तिच्या साधनांत आहे. अर्नलींचा आधार प्रामुख्याने छापील पुस्तके हा होता, आणि छापील पुस्तके लिहिणारे लोक सुधारणेचे पुरस्कर्ते होते. सर रिचर्ड वेस्टनने फ्लँडर्समध्ये पाहिलेल्या टर्निप-क्लोव्हरच्या शेतीचा वृत्तान्त हार्टलिबने १६५० मध्ये प्रसिद्ध केला. वॉल्टर ब्लाइथने १६५२ मध्ये, तर अँड्र्यू यॅरंटनने १६६३ मध्ये क्लोव्हरचा पुरस्कार केला. हे ग्रंथ काय करावे हे सांगतात. काय होत होते हे सांगतीलच असे नाही. आणि जेथे ते काय होत होते हे सांगतात, तेथे ते अर्नलींच्या नायकांना प्रतिकूल ठरतात. टाउन्झेंडने राजकारण सोडले ते १७३० साली. परंतु डॅनियल डीफोने १७२४ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात टर्निपवर गुरे-मेंढ्या पुष्ट करण्याची रीत प्रथम सफोकमध्ये सुरू झाल्याचे नमूद केले आहे. म्हणजे टाउन्झेंड रेनमला परतण्यापूर्वीच शेजारच्या काउंटीत ही रीत जुनी झाली होती. जे. एच. प्लम ह्यांनी १९५२ मध्ये वॉलपोल घराण्याच्या कागदांवरून नॉरफोकविषयी, आणि केरिज ह्यांनी १९५६ मध्ये सफोकविषयी, हेच अधिक तपशिलाने दाखवून दिले. मग ‘टर्निप टाउन्झेंड’ ही ख्याती कशी झाली? तिला कवी पोपने १७३७ मध्ये एका उपरोधिक ओळीत टाउन्झेंडच्या टर्निपांचा केलेला उल्लेख पुष्कळ अंशी कारण असावा. विनोदासाठी वापरलेला शब्द पुढे प्रमाण म्हणून गणला गेला. कोकच्या बाबतीतही आर. ए. सी. पार्कर ह्यांच्या १९७५ सालच्या ग्रंथाने अशीच वजाबाकी केली: होकमची सुधारणा १७७६ मध्ये कोकच्या हाती इस्टेट येण्याच्या आधीच बरीच झाली होती.

तथापि अर्नलींना केवळ चूक ठरवून थांबणे योग्य नव्हे. त्यांच्या नायकांनी पिके आणली नसली, तरी त्या पिकांना प्रतिष्ठा दिली. आणि कोळप्याने काम करणाऱ्या कुळाला जे साधत नाही ते उमरावाला साधते, हेही ऐतिहासिक सत्यच आहे. दोष आहे तो प्रतिष्ठेच्या इतिहासाला पिकांचा इतिहास म्हणण्यात.

४

केरिज ह्यांचा ‘दि ॲग्रिकल्चरल रेव्हल्यूशन’ (१९६७) हा ग्रंथ म्हणजे अर्नलींच्या मांडणीवरील सरळ हल्ला होय. त्यांच्या मते कृषिक्रांती १५६० ते १७६७ ह्या काळात झाली. तिचा कणा नांगरट व गवत ह्यांची आलटापालट करणारी शेती हा होता, आणि चारा-पिके व पाण्याखालची कुरणे ही तिची इतर अंगे होती. ह्या ग्रंथाचे सर्वांत मोठे योगदान त्याच्या भूगोलात आहे. केरिज काउंटीनुसार लिहीत नाहीत. माती, उतार व शेतीची रीत ह्यांवरून त्यांनी इंग्लंडचे मुलूख पाडले, आणि त्यांना जुन्या इंग्रजीच्या प्रयोगाप्रमाणे ‘कंट्री’ म्हटले.

ह्या शब्दयोजनेमागे एक जुना वाद आहे. ‘काउंटी’ हा शब्द सरदाराच्या अधिकारक्षेत्राचा वाचक; ‘कंट्री’ हा समोर पसरलेल्या भूभागाचा वाचक. ध्वनींनी हे शब्द जवळचे वाटले तरी त्यांची मुळे भिन्न आहेत. १७९३ मध्ये स्थापन झालेल्या कृषिमंडळाने, सर जॉन सिंक्लेअर ह्यांच्या अध्यक्षतेखाली व आर्थर यंग ह्यांच्या चिटणीसपदाच्या काळात, प्रत्येक काउंटीच्या शेतीचा एक ‘सामान्य आढावा’ अशी अहवालमाला काढली. विल्यम मार्शलने ह्या विभागणीवरच आक्षेप घेतला. काउंटीची सीमा माती ओळखत नाही. एकाच काउंटीत वाळू, चुनखडी व चिकणमाती असते, आणि त्यांची सरासरी म्हणजे कोणाचीच शेती नव्हे, असा त्याच्या आक्षेपाचा आशय होता. त्याने स्वतः नैसर्गिक विभाग धरून ग्रंथ लिहिले. १७८७ सालच्या नॉरफोकवरील ग्रंथात, व नंतरच्या इतर ग्रंथांतही, त्याने त्या त्या मुलखातील शेतीच्या बोलीशब्दांच्या याद्या जोडल्या. स्कीट ह्यांनी १८७३ मध्ये त्या याद्या बोलीअभ्यास-मंडळासाठी पुन्हा छापल्या. तेव्हापासून त्या भाषाशास्त्राच्या कपाटात राहिल्या, आणि काउंटी-अहवाल अर्थशास्त्राच्या कपाटात. एकाच माणसाने एकाच हेतूने केलेले काम दोन ज्ञानशाखांत वाटले गेले. ह्या वाटणीचे नुकसान दोघींनाही सोसावे लागले आहे.

केरिज ह्यांनी मार्शलचा मुलूख घेतला, पण त्याची शब्दविषयक सावधगिरी घेतली नाही. त्यांच्या ग्रंथात एखाद्या पिकाचा पहिला उल्लेख आणि त्या पिकाचा प्रसार ह्यांतील अंतर वारंवार पुसले जाते. एका शेतकऱ्याच्या यादीत टर्निप सापडले म्हणजे त्या मुलखात क्रांती झाली असे होत नाही. १५६५ मध्ये नॉर्विच शहरात वसविलेल्या डच व वालून निर्वासितांच्या बागांतून कंदभाज्या पिकत होत्या. टर्निप प्रथम माणसाच्या ताटात होते, नंतर जनावराच्या गव्हाणीत गेले. सोळाव्या-सतराव्या शतकातील एकाकी ‘टर्निप’ हा शब्द बागेतला की रानातला, हे सोबतच्या शब्दावरून ठरते: किती एकर, कोणत्या शेतात, कोणत्या जनावरांसाठी. तो सोबतचा शब्द नसेल तर उल्लेख निष्पक्ष राहतो.

५

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न ओव्हर्टन ह्यांचा. नॉरफोक व सफोकमधील टर्निप-क्लोव्हरच्या प्रसारावरील त्यांचा १९८५ सालचा निबंध व १९९६ सालचा ‘ॲग्रिकल्चरल रेव्हल्यूशन इन इंग्लंड’ हा ग्रंथ मृत व्यक्तींच्या जंगम मालमत्तेच्या याद्यांवर मोठ्या प्रमाणात आधारलेले आहेत. त्यांचा निष्कर्ष मध्यममार्गी वाटला तरी फार महत्त्वाचा आहे: ही पिके अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच अनेक शेतकऱ्यांकडे होती, पण ती फेरपालटीचे अंग म्हणून नव्हे, तर वैरणीची पुरवणी म्हणून. चार पिकांची परस्परांना पोसणारी व्यवस्था सर्वत्र रुजण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पीक येणे आणि पद्धती येणे ह्या दोन घटना होत, हा भेद ओव्हर्टन ह्यांनी स्पष्ट केला, आणि त्यामुळे अर्नली व केरिज ह्यांचा वाद बऱ्याच अंशी निरर्थक ठरला.

तरीही याद्यांच्या मौनाचा प्रश्न उरतोच. टर्निपची पेरणी जून-जुलैत होते व वसंतापर्यंत ते संपते. मे महिन्यात मेलेल्या शेतकऱ्याच्या यादीत ते कोठून येणार? जवाच्या सावलीत उगवणारा क्लोव्हर मोजणीदाराच्या दृष्टीने जवच. आपोआप उगवणारे गवत जंगम मालमत्तेत धरत नसत. मग पेरलेले गवत धरावयाचे की नाही, हे मोजणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राही. वाळून गंजीस लागल्यावर तर सर्वच ‘वैरण’. ह्या मर्यादांची जाणीव ओव्हर्टन ह्यांना आहे. परंतु टर्निप व क्लोव्हर ह्यांची तुलना करताना ह्या मर्यादा दोहोंना सारख्या लागू पडत नाहीत, ही गोष्ट अधिक ठळकपणे मांडली जावयास हवी होती. टर्निपचे मौन ऋतूचे आहे. क्लोव्हरचे मौन वर्गीकरणाचे आहे. पहिले तारखांवरून दुरुस्त करता येते, दुसरे केवळ शब्दांच्या अभ्यासाने.

सरकारी नोंदीही ह्याच दोषातून सुटल्या नाहीत. १८०१ साली धर्मोपदेशकांकरवी गावोगावची पिके मोजविली गेली. त्या तक्त्यात ‘टर्निप किंवा रेप’ असा एक रकाना होता. क्लोव्हरला रकानाच नव्हता. ज्या पिकाने जमिनीत नत्र आणले ते राज्याच्या मोजणीत गवतच राहिले, आणि गवत मोजण्याची गरज कोणास वाटली नाही. पुढे ‘स्वीड’ हा टर्निपचा अधिक कणखर बांधव आला. उत्तरेकडील बोलींत त्यालाच ‘टर्निप’ म्हणतात, दक्षिणेत तसे म्हणत नाहीत. १८६६ पासूनच्या वार्षिक कृषी-आकडेवारीत दोघांना एकाच रकान्यात बसविले गेले. आकडे निश्चित, पण ते कशाचे हे अनिश्चित, असा हा प्रकार आहे.

६

हा सर्व ऊहापोह केवळ पांडित्याचा वाटू नये, कारण त्यावर एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचा निर्णय अवलंबून आहे. खुल्या रानांची कुंपणबंदी आवश्यक होती, ह्या मताचा एक प्रमुख आधार चारा-पिके हा आहे. युक्तिवाद असा: खुल्या रानात कापणीनंतर सर्वांची जनावरे सर्वांच्या धसकटांवर चरत, नॉरफोकमध्ये ह्या हक्कास ‘शॅक’ म्हणत. अशा रानात कोणी टर्निप लावले तर ते शेजाऱ्याच्या मेंढ्या खाणार. म्हणून कुंपणाशिवाय चारा-पीक नाही, चारा-पिकाशिवाय प्रगती नाही, आणि म्हणून सामायिक चराईचा हक्क गेला ह्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही.

ह्या युक्तिवादाचे पहिले विधानच पुराव्यापुढे टिकत नाही. एम. ए. हॅविंडन ह्यांनी १९६१ मध्ये ऑक्सफर्डशरविषयी दाखवून दिले की, तेथील खुल्या रानांच्या गावांनी आपसांत ठराव करून सेनफॉइन व क्लोव्हर ही पिके घेतली होती. १७७३ च्या कायद्याने तर तीन-चतुर्थांश शेतकऱ्यांच्या संमतीने खुल्या रानाची पीकव्यवस्था बदलण्यास मुभा दिली. रॉबर्ट ॲलन ह्यांनी १९९२ मध्ये दक्षिण मिडलंड्सच्या पुराव्यावरून कुंपणबंदीला दिल्या जाणाऱ्या श्रेयास मोठी कात्री लावली. कुंपणबंदीने काहीच साधले नाही असे ह्यावरून म्हणता येणार नाही. हलक्या जमिनीवर मेंढ्या बसविण्याची टर्निप-शेती मोठ्या, एकसंध शेतांतच सोयीची होती. परंतु ‘टर्निप व क्लोव्हर’ ह्या समासामुळे टर्निपची अडचण क्लोव्हरवरही लादली गेली, आणि नॉरफोकच्या वाळूवरील निष्कर्ष मिडलंड्सच्या चिकणमातीला लावला गेला. एका सैल शब्दप्रयोगाने गरिबांच्या चराईचा हक्क अपरिहार्यपणे बुडाला असे ठरविले. स्वतः आर्थर यंग, जो आयुष्यभर कुंपणबंदीचा प्रचारक होता, १८०१ च्या पुस्तिकेत गरिबांच्या हानीची कबुली देऊन त्यांना पडीक जमीन व गाय देण्याची मागणी करू लागला होता. त्याच्या अनुयायांनी त्याचा उत्साह उचलला, पश्चात्ताप उचलला नाही.

७

एकंदरीत पाहता अर्नलींनी पुस्तके वाचली, केरिज ह्यांनी कागद वाचले, आणि ओव्हर्टन ह्यांनी कागद मोजले. प्रत्येक टप्प्यावर इतिहास अधिक विश्वसनीय झाला, ह्यात शंका नाही. उमरावांच्या मालिकेच्या जागी नॉरफोक-सफोकच्या अनाम शेतकऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची खटपट आली, हा ह्या संशोधनाचा न्याय्य लाभ होय. परंतु मोजणीपूर्वी वाचन आणि वाचनापूर्वी शब्दनिर्णय हा क्रम अद्यापि पुरता पाळला गेलेला नाही. मार्शलने शेतीचा ग्रंथ लिहिताना त्याला बोलीकोश जोडला होता, कारण त्या मुलखाचा शब्द कळल्याशिवाय त्या मुलखाची शेती कळत नाही हे त्याला ठाऊक होते. चारा-पिकांचा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाल्यास त्याचा प्रारंभ मार्शलच्या त्या याद्यांपासून करावा लागेल.